जमिनीचें मोल आणि कागदाची साक्ष : एका निर्णयाचें राजूरच्या शिवारांतून परीक्षण

(१)

महजर, निवाडपत्रें, करीने यांचें वाचन आपले संशोधक मोठ्या साक्षेपानें करितात. कागद कोणीं लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, साक्षीदार कोण होते, शिक्का अस्सल कीं बनावट, हें पाहिल्यावांचून जुन्या तंट्यांतील एक ओळही कोणी प्रमाण मानीत नाहीं. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतील दिवाणी न्यायालयांचे निर्णय मात्र वकिलांच्या कपाटांतच राहिले आहेत. त्यांकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा पडलेला नाहीं. ही उपेक्षा बरी नव्हे. वतनाच्या भांडणांतील निवाडपत्रांत जशी त्या काळच्या गांवगाड्याची घडी दिसते, तशीच जमिनीच्या किंमतीच्या दाव्यांत आपल्या काळच्या सरकार-रयतेच्या संबंधाची घडी दिसते. शिवाय अशा दाव्यांत न्यायाधीश जें काम करितो तें मूलतः आपलेंच काम आहे. एकमेकांविरुद्ध बोलणाऱ्या कागदांतून खरी गोष्ट निवडून काढणें हें तें काम होय.

प्रस्तुत लेखांत अशा एका निर्णयाचें परीक्षण योजिलें आहे. ‘चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणें’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निर्णय होय. तो न्यायमूर्ति ठक्कर यांनीं लिहिला. सरकारनें ठरविलेली जमिनीची किंमत अपुरी आहे असें म्हणून जो खातेदार न्यायालयाचें दार ठोठावितो, त्याचें गाऱ्हाणें कसें तोलावें, याचे नियम त्यांत क्रमवार सांगितले आहेत. त्यानंतर देशभरच्या न्यायालयांनीं या नियमांचा आधार वारंवार घेतला. निर्णय पुण्याच्या जमिनीचा. पण त्याचा अंमल खेड्यापाड्यांच्या शिवारांपर्यंत पोंचला. म्हणून त्याची पारख पुण्यांत न करितां यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत, राजूरच्या शिवारांत उभें राहून करावी असा विचार केला आहे. राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, जमिनीखालीं दगडी कोळसा आहे आणि वर कापसाची काळी जमीन आहे. एकाच ठिकाणच्या जमिनीचीं इतकीं निरनिराळीं मोलें जेथें एकत्र आलीं, तेथें कोणताही नियम किती टिकतो हें लवकर कळतें.

(२)

निर्णयाकडे वळण्यापूर्वीं थोडा पूर्ववृत्तांत सांगणें अवश्य आहे. इंग्रजी अमलांत सरकारनें जमिनीचें मोल मुख्यतः दोन निमित्तांनीं केलें. एक सारा बसविण्यासाठीं, दुसरें जमीन सरकारी कामास घेण्यासाठीं. या दोन मोलांची कायद्यांतील गति मात्र अगदीं भिन्न झाली.

साऱ्यासाठीं केलेल्या मोलाविरुद्ध न्यायालय बंद होतें. मुंबई इलाख्यांत १८७६ च्या महसुली अधिकारक्षेत्राच्या कायद्यानें साऱ्याच्या आकाराबद्दलच्या तक्रारी दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेविल्या. पेशवाईच्या दफ्तरांत पाहणीदाराविरुद्ध रयतेचे बोभाट आढळतात. त्यांची दाद हुजुरांत लागे किंवा न लागे. इंग्रजी अमलांत अर्ज करण्याची वाट राहिली, पण ज्या खात्यानें मोल केलें त्याच खात्याकडे तो अर्ज जावयाचा.

सरकारी कामास घेतलेल्या जमिनीची गोष्ट निराळी. १८५७ च्या कायद्यानें किंमतीचा तंटा पंचांकडे दिला होता व पंचांचा निर्णय अखेरचा होता. ही पद्धति समाधानकारक न ठरल्यामुळें १८७० च्या कायद्यानें तंटा दिवाणी न्यायालयाकडे नेण्याची तरतूद केली. पुढें १८९४ च्या कायद्यानें ती पक्की केली. कलेक्टरनें निवाडा द्यावा. तो मान्य नसल्यास खातेदारानें १८ व्या कलमाप्रमाणें मुदतींत अर्ज करावा. मग कलेक्टरनें प्रकरण न्यायालयाकडे पाठवावें, असा क्रम ठरला. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून नव्या कायद्यास जागा देऊन गेला. परंतु सव्वाशें वर्षें एकाच सांगाड्यांत हे दावे चालले व जुन्या निवाड्यांचे दावे त्यानंतरही चालत राहिले. चिमणलाल निर्णय याच सांगाड्याचें भाष्य आहे.

(३)

आधीं निर्णयाचे गुण सांगितले पाहिजेत. कारण ते मोठे आहेत.

पहिला गुण हा कीं, सरकारी निवाड्यास पुराव्याचा दर्जा देण्याचें त्यानें साफ नाकारिलें. न्यायालयाकडे आलेलें प्रकरण हें निवाड्यावरील अपील नव्हे. मोल नव्यानें ठरवावयाचें आहे. आणि अधिकाऱ्यानें ज्या कागदांवर निवाडा बसविला ते कागद न्यायालयासमोर हजर होऊन शाबीत झाल्यावांचून त्यांचा विचार करितां येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. हें तत्त्व अगदींच नवें नव्हतें. कलेक्टरचा निवाडा म्हणजे सरकारनें देऊं केलेली रक्कम, तो न्यायनिर्णय नव्हे, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९०५ मध्येंच ‘एझरा’ प्रकरणांत म्हटलें होतें. पण तें तत्त्व खालच्या न्यायालयांस रोजच्या कामांत वापरतां येईल अशा शब्दांत मांडण्याचें श्रेय या निर्णयास दिलें पाहिजे. संशोधकास यांत आपलाच नियम ओळखूं येईल. बखरकारानें अमुक लिहिलें म्हणून तें खरें, असें आपण मानीत नाहीं. त्यानें कोणता अस्सल कागद पाहिला तें आपण विचारतों. न्यायालयानें कलेक्टरला तेंच विचारलें आहे.

दुसरा गुण कालनिश्चयाचा. कलम ४ ची जाहिरात ज्या दिवशीं प्रसिद्ध झाली त्या दिवसाचें मोल धरावें, त्या तारखेवर उभें राहून, विकण्यास राजी असलेला मालक व घेण्यास राजी असलेला गिऱ्हाईक कल्पून किंमत काढावी, असा नियम त्यांत घालून दिला आहे. मागाहून घडलेल्या गोष्टींचा रंग आधींच्या गोष्टींवर चढूं न देणें ही ऐतिहासिक दृष्टीची पहिली अट होय, आणि ती येथें पाळली आहे.

तिसरा गुण ताळेबंदाचा. तुलनेसाठीं घेतलेली विक्री व वादांतील जमीन यांत जो फरक असेल तो मोघम न सांगतां अधिक-उणें करून मांडावा, असें न्यायालय सांगतें. लहान तुकडा, रस्त्याची जवळीक, दर्शनी बाजू, वस्तीचें सान्निध्य, नीट आकार हे अधिकाचे. मोठें क्षेत्र, रस्त्यापासून दूर असणें, चिंचोळी पट्टी, भराव घालावा लागेल अशी सखल पातळी हे उण्याचे. मोठें क्षेत्र लहान तुकड्यांच्या भावानें मोजतां येत नाहीं, म्हणून प्लॉट पाडण्यास सोडाव्या लागणाऱ्या जागेबद्दल सुमारें २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वजावट करावी, असेंही त्यांत म्हटलें आहे. न्यायाधीशानें आंकडा कसा काढला हें वाचणारास तपासतां यावें, हा या कलमांमागील हेतु स्तुत्य आहे.

(४)

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष साक्षीच्या निवडीचा आहे.

या पद्धतींत मुख्य साक्षीदार एकच, तो म्हणजे खरेदीखत. आसपासच्या जमिनी काय भावानें विकल्या गेल्या हें खरेदीखतांवरून पाहावयाचें व त्यांतील सर्वांत जुळणारें उदाहरण धरून पुढें चालावयाचें. उदाहरण अस्सल असावें अशी अट निर्णयांत आहे. पण अस्सल नसण्याचा जो एकच प्रकार तेथें सांगितला आहे, तो म्हणजे जमीन सरकार घेणार असें कळल्यावर भाव फुगवून मुद्दाम केलेले व्यवहार. याच्या उलट जो प्रकार, त्याबद्दल निर्णय गप्प आहे. मुद्रांकाचा खर्च वांचावा म्हणून दस्तांत किंमत कमी लिहिण्याची चाल आपल्या देशांत कोणास ठाऊक नाहीं? नडीला येऊन सावकाराच्या फेडीसाठीं, लग्नासाठीं किंवा दुखण्याखुपण्यासाठीं केलेली विक्री ही नोंदलेली व अस्सल असते, पण ती विकण्यास राजी असलेल्या मालकाची विक्री नव्हे. कापसाच्या मुलखांत अशा विक्रीचा कागद हातीं आला तर तो भाव दाखवीत नाहीं, नड दाखवितो. फुगविलेला कागद ओळखण्याची शिकवण न्यायालयानें दिली. दबलेला कागद ओळखण्याची दिली नाहीं. यामुळें चूक एकाच बाजूस झुकते, आणि ती बाजू खातेदाराची नव्हे.

येथें एक गोष्ट निर्णयाच्या बाजूनें नमूद करणें प्राप्त आहे. १९८४ च्या दुरुस्तीनें कायद्यांत ५१-अ हें कलम घातलें. त्यामुळें नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल, विकणारा किंवा घेणारा साक्षीस न येतांही, पुराव्यांत घेतां येऊं लागली. गरीब खातेदाराचा खर्च यामुळें वांचला हें खरें. पण जो कागद आजवर माणसाबरोबर येत असे तो आतां एकटा येऊं लागला. किंमत अशी कां लिहिली हें विचारावयास समोर कोणी उरला नाहीं. २००४ मध्यें ‘सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध पूर्या’ या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, नक्कल पुराव्यांत येते म्हणून तींतील किंमत मान्य केलीच पाहिजे असें नाहीं. तिचें वजन न्यायालयानें ठरवावयाचें. हा इशारा योग्य आहे. संशोधकाच्या भाषेंत सांगावयाचें तर कागद दफ्तरांत सांपडला एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं.

आंकड्यांच्या कोष्टकामागचे कागद कोणीं पाहिलेच नाहींत तर काय होतें, याचा धडा आपल्या इतिहासांत आहे. १९२७ सालीं बारडोलीच्या फेरजमाबंदींत सरकारनें साऱ्यांत सुमारें २२ टक्के वाढ कायम केली. तिला जमिनीच्या खंडाच्या आंकड्यांचा आधार होता. न्यायालयाचें दार बंद असल्यामुळें शेतकऱ्यांनीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला व शेवटीं ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी समिति नेमली गेली. तिनें गांवोगांव जाऊन खंडाचे व विक्रीचे व्यवहार तपासले. तेव्हां दिसून आलें कीं, सरकारी कोष्टकांतील खंड नीट तपासून घेतलेले नव्हते. समितीच्या हिशेबानें वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. २२ आणि ६ यांमधील अंतर हें कोणाच्या दुष्टपणाचें माप नव्हे. न तपासलेल्या कागदाचें तें माप आहे. चिमणलाल निर्णयांतील उदाहरणांची पद्धति बारडोलीच्या चौकशीशीं सख्खें नातें सांगते. परंतु व्यवहारामागचा हेतु तपासण्याची जी मेहनत त्या समितीनें घेतली, तिची आवश्यकता निर्णयानें पुरेशी ठसविलेली नाहीं.

(५)

दुसरा दोष मोजपट्टीचा. वर सांगितलेले अधिक-उण्याचे मुद्दे पुन्हा वाचून पाहावे. रस्ता, दर्शनी बाजू, आकार, भराव, प्लॉट हे सर्व घर बांधणाराच्या डोळ्यांनीं पाहिलेले गुण आहेत. मातीची खोली, पाण्याचा निचरा, विहीर, पांदण, बांधावरचीं झाडें यांपैकीं एकही त्या यादींत नाहीं. यादी उदाहरणादाखल आहे असें न्यायालयानें म्हटलें आहे हें मान्य. पण उदाहरणांच्या निवडीनेंच वाचणाराची नजर वळते. पुण्याच्या जागेला ही मोजपट्टी शोभते. राजूरच्या वहितीच्या शेताला ती लावली कीं शेत हा न झालेला प्लॉट ठरतो, आणि प्लॉट म्हणून तें उणेंच भरतें.

शेताला शेताच्या नजरेनें मोजण्याची पद्धति आपल्याकडे नव्हती असें नाहीं. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं १८३५ नंतर दख्खनेंत बसविलेली व १८४७ च्या संयुक्त अहवालांत नियमबद्ध केलेली मोजणी सर्वांस परिचित आहे. तींत मातीचा रंग व खोली पाहून नऊ प्रती केल्या होत्या. पावणेदोन हात खोल उत्तम मातीस सोळा आणे, उतरत उतरत नवव्या प्रतीस दोन आणे. त्यावर दोषांची वजावट. वऱ्हाडांतही १८६० नंतरच्या दशकांत याच धर्तीवर मोजणी झाली. त्या वेळीं आजच्या यवतमाळ जिल्ह्याचें नांव ‘वणी’ होतें. यवतमाळ हें नांव १९०५ पासूनचें.

परंतु ही जुनी मोजपट्टीही निर्दोष नव्हती, आणि तिचा दोष राजूरला विशेष बोलका होतो. मातीच्या दोषांत पहिला मान चुनखडीच्या मिश्रणास होता. मातींत चुनखडीचे कण आढळले कीं प्रतवारी करणारा आणे उतरवी. पिकाच्या दृष्टीनें तें बरोबरच होतें. पण ज्या चुनखडीनें शेताचे आणे उतरावयाचे, तोच दगड भट्टींत भाजून राजूरचें नांव झालें. म्हणजे एकच पदार्थ सारा ठरविणाराच्या वहींत उणा, भट्टीवाल्याच्या वहींत अधिक. मोल करणाराचा हेतु मोलांत असा उतरतो. सारा ठरविणारानें पीक पाहिलें, न्यायालयानें प्लॉट पाहिला, भट्टीवाल्यानें दगड पाहिला. जमीन तीच. या तिघांपैकीं कोणाचें मोल खरें, हा प्रश्न विचारण्याआधीं कोणीं कशासाठीं मोजलें हें विचारलें पाहिजे, आणि नेमकी हीच पृच्छा निर्णयांत नाहीं.

(६)

तिसरा मुद्दा जमिनीखालचा. वर्धा खोऱ्यांतील कोळशाचें वर्णन भूस्तरखात्याचे ह्यूज यांनीं १८७७ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत वणीकडील भागही आहे. म्हणजे येथें कोळसा आहे हें सरकारला दीडशें वर्षांपासून ठाऊक आहे. आज या भागांत वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीचें वणी क्षेत्र आहे. मग येथील जमीन घेतांना खालच्या कोळशाचें मोल खातेदारास कां मिळूं नये, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल.

याचें उत्तर देण्यापूर्वीं १९३९ चा एक निर्णय आठवावा. विशाखापट्टणच्या बंदराजवळची एक जमीन सरकारनें हिंवतापाच्या बंदोबस्तासाठीं घेतली. तींत गोड्या पाण्याचा एक झरा होता. मालकाचें म्हणणें असें कीं, बंदराच्या वस्तीस हें पाणी पुरवितां येईल, म्हणून जमिनीस विशेष मोल आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, तें पाणी घेणारा बंदराखेरीज दुसरा कोणी नाहीं. लॉर्ड रोमर यांनीं प्रिव्ही कौन्सिलच्या वतीनें सांगितलें कीं, घेणारा एकच असला व तो जमीन संपादणाराच असला, तरीही जमिनीच्या अंगच्या गुणाचें मोल बुडत नाहीं. राजी गिऱ्हाईक त्याबद्दल जें देईल तें धरलें पाहिजे. खातेदाराच्या बाजूनें इतका उदार विचार या विषयांत क्वचितच झाला असेल.

राजूरचा कोळसा आणि विशाखापट्टणचा झरा यांत भेद पडतो तो मालकीमुळें. झरा मालकाचा होता. खनिजांचा हक्क मात्र सरकारनें पूर्वींपासून राखून ठेविला. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत ६९ व्या कलमानें तो राखला होता. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचें ४८ वें कलम तेंच सांगतें. केरळांतील मलबारच्या जन्मी जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें असें ठरविलें कीं, कायद्यानें काढून घेतली नसेल तर जमिनीखालच्या खनिजाची मालकी जमिनीच्या मालकाकडेच राहते. परंतु जेथें कायद्यानें हक्क स्पष्ट राखला आहे तेथें हा आधार चालत नाहीं. म्हणून राजूरच्या खातेदाराच्या पदरीं पडतें तें वरच्या थराचेंच मोल.

कायदा असा आहे; तो बदलणें न्यायालयाच्या हातीं नाहीं. पण यांतून एक विपरीत परिणाम होतो, त्याची दखल मोल ठरविणारानें घेतली पाहिजे. जेथें जमीन आज ना उद्यां खाणींत जाणार हें सर्वांस माहीत असतें, तेथें विकत घेणारा पुढें येत नाहीं. आला तर भाव पाडून मागतो. कोळशाचें मोल खातेदारास नाहीं, पण कोळशाच्या सांवलीनें पडलेला भाव मात्र त्याच्या माथीं. संपादनाच्या योजनेमुळें वाढलेला भाव धरूं नये असें १८९४ च्या कायद्याचें २४ वें कलम सांगत होतें. त्याच न्यायानें योजनेच्या चाहुलीनें पडलेला भावही वगळला पाहिजे. एका बाजूस तागडी झुकूं द्यावयाची नाहीं असा नियम केल्यावर दुसऱ्या बाजूस ती झुकलेली पाहून स्वस्थ बसतां येत नाहीं. चिमणलाल निर्णयांत या पडत्या भावाचा विचार नाहीं. कारण पुण्याच्या जागेस तो प्रश्नच पडला नव्हता.

(७)

राजूरच्या परिसराबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कोळशासाठीं जमीन घेण्याचा कायदा स्वतंत्र आहे; तो १९५७ चा. त्याखालीं मोबदला आपसांत न ठरल्यास प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे जात नाहीं, तर केंद्र सरकारनें नेमलेल्या एकसदस्य न्यायाधिकरणाकडे जातें. तो सदस्य उच्च न्यायालयाचा आजी-माजी न्यायाधीश किंवा त्या पदास पात्र असा असावा लागतो, आणि त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत उच्च न्यायालयाकडे अपील करितां येतें. सरकार जसा आपला तज्ज्ञ नेमूं शकतें, तसा खातेदारासही नेमतां येतो, ही तरतूद फार महत्त्वाची असून ती पुष्कळांस माहीतही नसते. १ सप्टेंबर २०१५ पासून २०१३ च्या नव्या कायद्यांतील मोबदल्याचीं परिशिष्टें या कायद्याखालील संपादनासही लागूं झालीं. पूर्वीं मूळ किंमतीवर १५ टक्के व १९८४ नंतर ३० टक्के असलेली दिलासा रक्कम तेथें १०० टक्के आहे, आणि ग्रामीण भागांत बाजारभावास एकपासून दोनपर्यंत गुणक आहे. परंतु गुणक कितीही मोठा असला तरी ज्याला गुणावयाचें तो मूळ आंकडा पुन्हा खरेदीखतांवरूनच निघतो. मुळांतली चूक गुणाकारानें दुरुस्त होत नाहीं, ती वाढते. म्हणून वर दाखविलेले दोष नव्या कायद्यानें जुने झालेले नाहींत.

शेवटचा मुद्दा न्यायालयांत न गेलेल्यांचा. दावेदारानें वादीप्रमाणें आपली बाजू शाबीत केली पाहिजे, असें निर्णयांत म्हटलें आहे. तत्त्वतः तें बरोबर असेल. पण दस्तनोंदणीचीं पुस्तकें, मोजणीचे नकाशे, पेरेपत्रकें हीं सारीं सरकारच्याच ताब्यांत. शेजारची विक्री कोणत्या भावानें झाली हें शोधण्यास तालुक्याच्या गांवीं खेटे घालणें ज्यास परवडेल तोच वादी होऊं शकतो. हें ओळखून १९८४ च्या दुरुस्तीनें २८-अ हें कलम घातलें. एकाच जाहिरातीखालीं ज्यांची जमीन गेली त्यांपैकीं एकानें न्यायालयांतून वाढीव किंमत मिळविली, तर न गेलेल्या इतरांनीं त्या निर्णयापासून तीन महिन्यांत अर्ज करून त्याच आधारावर आपली किंमत फेर ठरवून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. नव्या कायद्यांतही ही तरतूद राहिली आहे. तसेंच निवाड्याहून कमी रक्कम न्यायालय ठरवूं शकत नाहीं, हेंही १९८४ पासून ठरलें. त्यामुळें न्यायालयांत गेल्यास आहे तेंही जाईल ही भीति उरली नाहीं. नव्या मुंबईच्या भूसंपादनांतून उद्भवलेल्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें सांगितलें कीं, आरंभीच्या अर्जांत झाडें किंवा बांधकाम यांचा उल्लेख राहिला म्हणून त्यांचें मोल मागण्याचा हक्क बुडत नाहीं. हीं सारीं कलमें व निर्णय एकत्र पाहिले म्हणजे कायद्याची वाट हळूहळू अशक्त वादीकडे वळत आलेली दिसते. तरी रक्कम घेतांना ‘हरकत राखून’ एवढे शब्द लिहावयाचे राहिले किंवा सहा आठवड्यांची मुदत टळली, तर मूळ अर्जाचा हक्क हातचा जातो हें जुन्या कायद्याखालीं अनेकांस फार उशिरां कळलें.

तेव्हां या निर्णयाबद्दल आमचें मत थोडक्यांत असें. सरकारनें केलेलें मोल हें सरकारचें म्हणणें आहे, सत्य नव्हे, हें त्यानें ठाम सांगितलें. हा त्याचा स्थायी उपकार आहे. १८७६ च्या कायद्यानें ज्या रयतेचें तोंड न्यायालयापुरतें बंद केलें होतें, तिच्याच वारसांना निदान जमीन जातांना तरी उघड्या न्यायालयांत कागदाला कागद भिडवितां येतो, ही लहान गोष्ट नाहीं. परंतु कलेक्टरच्या कागदावर जो संशय त्यानें घेतला, तोच खरेदीखतावर पुरता घेतला नाहीं. आणि पुण्यांत घडविलेली मोजपट्टी शेताला लावतांना ती बदलावी लागेल, हें सांगावयाचें राहिलें. राजूरच्या खातेदाराच्या बाजूनें उभ्या राहणारानें म्हणून खरेदीखतांबरोबर पेरेपत्रकें, विहिरीची नोंद, जुन्या प्रतवारीचा उतारा आणि शेताच्या उत्पन्नाचा हिशेब हेही कागद पुढें मांडावे. उत्पन्नावरून मोल काढण्याची पद्धति न्यायालयांस अपरिचित नाहीं. जेथें बाजार नाहीं किंवा पडलेला आहे तेथें तीच अधिक खरी साक्ष देईल.

संशोधकांकडेही एक काम उरतें. भूसंपादनाचे निवाडे, त्यांवरील दावे, त्यांत हजर झालेलीं खरेदीखतें व नकाशे यांचीं दफ्तरें मुदत संपली कीं नष्ट होतात. एखाद्या गांवाचें शिवार खाणींत गेल्यावर तें शिवार कसें होतें, कोणाचें शेत कोठें होतें, विहिरी किती होत्या, हें सांगणारे कागद तेवढेच असतात. ते जपून ठेविले नाहींत, तर पुढील पिढीस त्या गांवाचा खड्डा दिसेल, गांव दिसणार नाहीं.